मूठ आपटली नव्हती, ठेवली होती

गेल्या वर्षी आमच्या जुन्या मंडळींनी एक छोटी स्मरणिका काढली. तिच्यात आमच्या रविवारच्या खेळावर दोन पानांचा लेख आहे. लिहिणारे गृहस्थ निवृत्त शिक्षक आहेत, माझे मित्र आहेत, आणि त्यांचे मराठी माझ्यापेक्षा चांगले आहे. चांगल्या मराठीचा एक तोटा असा की त्यात लिहिलेले खोटेही वाचणाऱ्याला पटते. त्यांनी लिहिले आहे की आमच्यातल्या एका अडाणी गड्याने भर खेळात नकाशावर मूठ आपटली आणि पुढच्याच रविवारी मी त्याला हाकलून दिले. मूठ आपटली नव्हती, ठेवली होती. आणि त्या पुढच्या रविवारी खोलीतून जो माणूस बाहेर पडला तो हा गडी नव्हता. कोण होता ते सांगतोच.

त्या काळी, म्हणजे सत्तरच्या दशकाच्या आरंभी, मी नगरला पाटबंधाऱ्यांच्या एका कार्यालयात आरेखक होतो. सर्वेक्षणाच्या तुकड्या मोजणीच्या वह्या पाठवीत. त्यांतल्या आकड्यांवरून मी ट्रेसिंग कागदावर उंचीच्या रेघा, ज्यांना आम्ही कंटूर म्हणत असू, त्या ओढीत असे. माझी रेघ जिल्ह्यात नावाजलेली होती. हे मी सांगतो आहे असे नव्हे, तसे होते. एकदा लष्कराच्या छावणीत काही नकाशे पोचवायला गेलो असताना मी एका शेडमध्ये मोठा वाळूचा मंच पाहिला. त्यावर वाळूच्या टेकड्या होत्या, भुशाची झाडे होती, आणि चार अधिकारी हातात काठ्या घेऊन "मी इथून येतो", "मग मी तिथे थांबतो" असे बोलत होते. चार प्रौढ माणसे इतक्या गांभीर्याने कल्पनेत वावरताना मी तोवर पाहिली नव्हती. सायकलवरून परत येईपर्यंत माझा खेळ तयार झाला होता. शिक्षक मित्र लिहितात की तो त्यांना सुचला. त्यांना त्याचे नाव सुचले, मुलूखगिरी. नाव उत्तम आहे आणि त्याचे श्रेय मी त्यांना आजवर कधी नाकारलेले नाही.

आज माझा नातू टेबलाभोवती मित्र जमवून असलेच काही खेळतो. एक जण सांगतो की समोर गुहा आहे, बाकीचे सांगतात की आम्ही काय करतो, आणि बहुतोंडी फाशांवर निकाल लागतो. हा प्रकार परदेशातून आला, असे तो मला समजावतो. मी ऐकून घेतो.

आमची पद्धत अशी होती. दिल्ली दरवाजाच्या आत मी भाड्याने राहत असे. त्या खोलीत दोन ट्रंकांवर माझा जुना ड्रॉइंग बोर्ड आडवा टाकायचा आणि त्यावर नकाशा पसरायचा. मी पंच. मुलखात काय दिसते, काय घडते, ते मी सांगणार. प्रत्येकाने एक माणूस घ्यायचा आणि त्याच्या तोंडून बोलायचे. गुरुजी, म्हणजे हेच शिक्षक मित्र, किल्लेदार होते. औषधांच्या दुकानाचे मालक, आमचे शेठ, पेठेतले व्यापारी झाले होते. पोस्टातले एक कारकून मित्र हेर होते, आणि हेर म्हणून ते जितके बोलत तितके जगातला कुठलाही हेर बोलला नसेल. एखादी गोष्ट साधेल की फसेल असा प्रश्न आला की सहा कवड्या टाकायच्या. उताण्या जास्त पडल्या तर साधली. आणि एक नियम मी स्वतः घातला होता: परक्या मुलखातून तांडा न्यायचा तर वाटाड्याशिवाय पाऊल टाकायचे नाही. पुढे जे झाले त्याचे मूळ या नियमात आहे, म्हणून तो नीट लक्षात ठेवावा.

वाटाड्या व्हायला कोणी तयार नव्हते. किल्लेदार सोडून वाट दाखवणारा कोण होणार? अशा वेळी एका रविवारी आमच्या कार्यालयातले एक खलाशी मोजणीची वही द्यायला माझ्या खोलीवर आले. खलाशी म्हणजे मोजणीच्या वेळी आकड्यांची उभी लाकडी पट्टी धरून रानात उभा राहणारा माणूस. हे भंडारदऱ्याकडच्या डोंगरातले, चाळिशी उलटलेले, चौथी शिकलेले. सगळे त्यांना मामा म्हणत. ते दारात उभे राहून अर्धा तास खेळ पाहत राहिले.

शेठ म्हणाले, "मामा, उभे का? बसा की. आम्हाला वाटाड्या हवाय."

"मी? आन् वाटाड्या?" मामांनी वहाणा बाहेर काढल्या, धोतराला हात पुसले आणि बोर्डाशी बसले. "ह्ये आकडं कशाचं, भाऊसाहेब?"

मी अभिमानाने सांगितले की ही जमिनीची उंची. जितका आकडा मोठा तितकी जागा उंच. त्यांनी मान हलवली आणि नकाशाकडे इतका वेळ पाहत राहिले की मला बरे वाटले. माझ्या नकाशाकडे इतके कोणी पाहत नसे.

पेठेतून मिठाचा तांडा निघाला. गडावर पोचवायचा होता. दोन डाव बरे गेले. मग मी म्हणालो, "समोर नदी लागली. पाणी गुडघाभर. पुढे काय?"

"नदी हितं न्हाई," मामा म्हणाले.

पोस्टातले मित्र हसले. "मामा, पंच म्हणतात आहे, म्हणजे आहे."

"आसंल. पन वाटाड्या मी हाय, आन् मला दिसत न्हाई." मी विचारले, वाटाड्या काय करतो? "बसला," ते म्हणाले. "झाडाखाली."

वाटाड्या बसला की तांडा थांबला, नियम माझाच होता. त्या दिवशी मीठ जागचे हलले नाही. पुढच्या रविवारीही नदी आली की "हितं न्हाई", आणि वाटाड्या झाडाखाली. गुरुजींचा किल्ला मिठावाचून बसला. शेठ एकटेच गंमत घेत होते, कारण माल जितका अडेल तितका भाव चढेल, असा त्यांचा हिशेब होता.

मी काय काय केले ते सांगतो, कारण स्मरणिकेत लिहिले आहे की मी काहीच न करता एकदम दार दाखवले. पहिल्यांदा मी नियम केला: प्रत्येकाला बैठकीला एक कवडी मिळेल, हरकत घेतली की ती पंचाकडे जमा करायची, मग दिवसभर हरकत नाही. मामांनी कवडी हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि पंच काही बोलण्याआधीच माझ्यापुढे ठेवली. "नदी," ते म्हणाले. मग अख्खी दुपार एक शब्द नाही, आणि वाटाड्याही उठला नाही. नंतर मला वाटले, माणसाला मान हवा असेल. मी त्यांना मुलखाचा राजा केले आणि वाटाड्या पोस्टातल्या मित्रांना दिला. राजाने पहिलाच हुकूम सोडला, वाटाड्याला बोलवा. वाटाड्या आला.

"काय रं, मुलूख हिंडलास?"

"हिंडलो महाराज, चारी दिशा."

"मंग पानी कुन्या अंगाला उतरतं, सांग."

पोस्टातल्या मित्रांनी माझ्याकडे पाहिले. मी नकाशाकडे पाहिले. राजा म्हणाला, "ह्याला काढा. ह्यो वाटाड्या न्हाई, ह्यो पत्रं वाटनारा हाय." शेठ इतके हसले की कवड्या सांडल्या. पोस्टातले मित्रही हसले, पण त्यांना ते लागले होते.

मूठ त्याच दिवशीची. राजेपद सोडून मामा परत वाटाड्या झाले होते. तांडा पुन्हा नदीशी आला, आणि मामांनी काही न बोलता आपली उजवी मूठ नकाशाच्या मधोमध, बरोबर नदीवर, ठेवली. मोठी, काळी, पट्टी धरून धरून घट्टे पडलेली मूठ. ठेवली आणि माझ्याकडे पाहत राहिले. आवाज झाला नाही. बोर्ड ट्रंकांवर नुसता टेकवलेला होता. खरोखर कोणी मूठ आपटली असती तर माझी शाईची दौत पहिली कलंडली असती. ती जागची हलली नाही. परंतु गुरुजी मागे सरकले. त्यांना जे वाटले तेच त्यांनी पन्नास वर्षांनी लिहिले, आणि दिसले त्यापेक्षा वाटले ते माणसाला अधिक काळ आठवते, एवढी सवलत मी त्यांना देतो.

"हे आता फार झालं," गुरुजी म्हणाले. "यांना खोटंखोटं खेळता येत नाही. पुढच्या रविवारी हे असतील तर मी नाही. तुम्ही पंच आहात, तुम्ही ठरवा."

पोस्टातले मित्र म्हणाले, "मीही नाही." शेठ खिडकीबाहेर पाहू लागले. मामांनी मूठ उचलली, पंचाला रामराम केला आणि वहाणा घालून गेले.

ते गेल्यावर मी बाकीच्यांना मामांची चूक समजावून सांगितली. किती खात्रीने सांगितली, ते आठवले की आजही माझे कान तापतात. मोजणीत दुर्बीण एका जागी उभी असते आणि खलाशी पट्टी घेऊन फिरतो. तो जितक्या खोलगट जागी उभा राहील तितका दुर्बिणीतून दिसणारा पट्टीवरचा आकडा मोठा. म्हणजे पट्टीवर मोठा आकडा असला की जमीन खाली. मी म्हणालो, "मामांची वीस वर्षं पट्टीबरोबर गेली. ते नकाशावरचे आकडेही तसेच वाचतात, उलटे. म्हणून त्यांना नदी चुकीच्या जागी वाटते." गुरुजी म्हणाले, "वा! हे शास्त्रीय झालं." तिघेही समाधानाने घरी गेले, आणि मीही समाधानाने झोपलो.

सोमवारी कार्यालयात गेलो. दुष्काळी कामांमुळे त्या वर्षी सर्वेक्षणाचा रेटा एवढा होता की मान वर करायला उसंत नव्हती. तरी माझे लक्ष लागेना. निर्णयाचा त्रास नव्हता. एक खलाशी की तीन मित्र, हा प्रश्न तेव्हा मला कठीण वाटत नव्हता, हे मी लपवत नाही. त्रास कुतूहलाचा होता. त्यांनी मूठ का ठेवली? ज्याला भांडायचे असते तो बोट दाखवतो, आवाज चढवतो. हा माणूस मूठ ठेवून माझ्याकडे पाहत होता, जसा एखादा आपण वस्तू पुढे केल्यावर समोरच्याने ती घ्यावी म्हणून थांबतो.

मंगळवारी, एका ओढ्याच्या रेघा ओढता ओढता, माझा हात थांबला. मामा आकडे उलटे वाचत असते, तर? मोठा आकडा म्हणजे खाली. माझ्या खेळाच्या नकाशात नदीच्या काठचे आकडे सर्वांत मोठे होते. म्हणजे उलटे वाचणाऱ्याला नदी सर्वांत खोल जागी, अगदी जिथे असायला हवी तिथेच दिसली असती. त्याने हरकत घेतलीच नसती. मामा हरकत घेत होते, कारण ते आकडे सरळ वाचत होते.

मी लेखणी खाली ठेवली. तो नकाशा मी कसा केला होता ते मला स्वच्छ आठवले. रद्द झालेल्या एका तलावाचे ट्रेसिंग टाकून द्यायचे होते. मधोमध ओढा, दोन्ही अंगांना चढ. मला खेळाला मधोमध गड हवा होता. रेघा सुरेख उतरल्या होत्या, म्हणून मी त्या तशाच ठेवल्या आणि फक्त आकडे उलटे केले. सर्वांत खालचा आकडा सर्वांत वरचा. खोरे होते तिथे डोंगराची सोंड झाली, तिच्यावर गड बसला. आणि ओढा? ओढा देखणा होता. मी तो तिथेच राहू दिला, निळ्या शाईने रुंद केला आणि त्याची नदी केली. जिल्ह्यात नावाजलेल्या आरेखकाने डोंगराच्या माथ्यावरून नदी नेली होती, आणि पट्टी धरणारा माणूस सोडून ती कोणाला दिसली नव्हती.

गुरुवारी मोजणीची तुकडी परतली. मी मामांना फाटकासमोरच्या टपरीवर गाठले. चहा सांगितला. ते उभेच राहिले.

"मामा, ती मूठ कशाची?"

त्यांनी माझ्या खिशातली जांभळी पेन्सिल मागितली, टोक जिभेला लावले, डाव्या हाताची मूठ वळली आणि बोटांच्या गाठींभोवती एकाखाली एक रेघा ओढल्या, जशा पाण्याच्या खुणा टाकीला उमटतात तशा. "ह्यो डोंगर. ही बोटं म्हंजे सोंडा." मग पंजा उघडून सपाट केला. "आन् ह्यो तुमचा कागद."

मी पाहत राहिलो. आमच्या शिक्षणात हेच शिकवायला तीन आठवडे घेतले होते.

"आता सांगा भाऊसाहेब, पानी बोटाच्या पाठीवरनं जातं, का दोन बोटांच्या मधनं?"

"मधून," मी म्हणालो. "पण मग तोंडाने का नाही सांगितलंत?"

"सांगितलंच की! इतकं रविवार सांगतोय. तुमी हातात कवडी दिली." ते हसले नाहीत. चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "दुर्बिनीतला सायेब हात करतो डावीकडं, मी डावीकडं. उजवीकडं केला, मी उजवीकडं. वीस वर्सं. वाटाड्या मला कुनी केलं न्हवतं. आता वाटाड्या केलं, तर खोटी वाट कशी दावू? रविवारी येऊ का नको, येवढं सांगा. मनात धरनार न्हाई."

"या," मी म्हणालो.

पोस्टातले मित्र अलीकडे फोनवर म्हणतात की हे सगळे मीच मामांना पढवले होते, गुरुजींची जिरवायला. माझ्या नकाशातली चूक मी दुसऱ्याच्या तोंडून चारचौघांत जाहीर करीन, हे ज्याला शक्य वाटते त्याने मला ओळखलेले नाही.

रविवारी सगळे आले. काय होते ते सगळ्यांना पाहायचे असावे. मामा दाराजवळ, अंग चोरून बसले. मी उभा राहिलो आणि सांगितले, नकाशा चुकीचा आहे, चूक माझी आहे, आणि मागच्या रविवारी जे शास्त्रीय सांगितले तेही चूक होते. हे वाक्य मी घरी चार वेळा म्हणून पाहिले होते.

गुरुजींनी चष्मा पुसला. "समजा. पण हा खेळ आहे. खेळात नदी माथ्यावरून का जाऊ नये? उद्या तुम्ही म्हणाल, हेराला पंख नाहीत."

हा मुद्दा खोटा नव्हता. आजही मला तो पूर्ण खोडून काढता येत नाही, आणि नातवाच्या टेबलावर रोज माथ्यावरून नद्या जातात. तेवढ्यात दाराजवळून मामा म्हणाले, "गुर्जी, जावं की. पानी पायजे तिकडनं जावं. पन मंग वाटाड्या कशाला ठिवलाय?"

शेठ हळूच म्हणाले, "बिनतोड आहे."

मी अर्धे ब्लेड काढले आणि ट्रेसिंगवरची निळी शाई खरवडायला बसलो. शाई खरवडताना कागद फाटू न देणे ही आमच्या धंद्यातली खरी परीक्षा. गुरुजी पाच मिनिटे पाहत होते. माझे ब्लेड गडाच्या खालून फिरले तेव्हा ते उठले. "तुम्ही पंच नाही राहिलात," असे मला म्हणाले, आणि वहाणा घालून गेले. खोलीतून बाहेर पडला तो माणूस हा. त्यानंतरचे तीन रविवार ते आले नाहीत. तेव्हा त्या रविवारी पुढे काय झाले, हे त्यांना स्मरणिकेत कसे लिहिता आले, ते तेच जाणोत. पोस्टातले मित्र मात्र बसून राहिले.

नदी काढायला मी पेन्सिल मामांपुढे केली. त्यांनी ती घेतली नाही. "रेघ तुमची," ते म्हणाले, आणि बोटाने दाखवत गेले: इथून उतरली, इथे वळली, या दोन सोंडांच्या मधून. त्यांच्या बोटामागून माझी पेन्सिल. शेठ ओरडले, "अहो मामा, माझी पेठ बुडाली!"

"शेठ, पेठ उचला वर. दोन रेघा वर. तितं लोक ऱ्हात्यात."

"आणि भाव?"

"मीठ भिजलं तर भावाचं काय करता?"

वाटाड्या झाडाखालून उठला. तांडा निघाला. त्या दुपारी पहिल्यांदा मला पंच असूनही पुढे काय होणार ते ठाऊक नव्हते, कारण नदी खरी होताच मुलूखही माझ्या ताब्यातून सुटला होता. कुठे चिखल असेल, कुठे बैल अडतील, हे मामा मला सांगत होते आणि मी कवड्या टाकत होतो. संध्याकाळी मीठ गडाच्या दारात पोचले. आत किल्लेदार नव्हता.

चौथ्या रविवारी गुरुजी आले. दारात उभे राहून त्यांनी नकाशा पाहिला. जुन्या नदीच्या जागी कागद खरवडून पातळ झाला होता, आजही तो उजेडासमोर धरला तर ती जागा दिसते, ज्यांना शंका असेल त्यांनी येऊन पाहावी. गुरुजी आपल्या जागी बसले. गडावर बोट ठेवले. नवी नदी केवढी तरी खाली गेली होती.

"म्हणजे माझा गड कोरडा," ते म्हणाले. मला नाही, मामांना. "पाचशे माणसं आहेत वर. पाणी कुठलं द्यायचं?"

मामांनी नकाशाकडे पाहिले. मग आपली मूठ उचलून, हळूच, गडाशेजारी ठेवली. गुरुजी या वेळी मागे सरकले नाहीत. वाकून बोटांच्या मधल्या खाचेत पाहू लागले.

"हाय एक जागा," मामा म्हणाले. "चला सरकार, दावतो."